काकांच्या कमी होत गेलेल्या रेघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना नाकं त्यांच्या आईबापांनी दिली असतील, पण ती लोकांच्या ध्यानात राहिली ती आमच्या काकांमुळे. हे मी उगाच बोलत नाही. बाभुळगावात एक माजी पुढारी आहेत. त्यांना पहिल्यांदा समोरासमोर भेटणारा माणूस जरा बिचकतो, कारण त्यांचं खरं नाक काकांच्या चित्रातल्या नाकापेक्षा बरंच लहान आहे, आणि त्यामुळे खरा माणूसच तोतया वाटतो. काका व्यंगचित्रकार आहेत. यवतमाळहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर खाली उजवीकडे त्यांचा चौकोन असतो, आणि तो मी जन्मायच्या आधीपासून आहे. ते माझे सख्खे काका नाहीत. आमच्या घरासमोर राहतात, एवढंच नातं. मी पत्रकं लिहिते, निवेदनं देते, साहेब जेवायला गेले की ते परत येईपर्यंत त्यांच्या दारात बसते. तेव्हा मला कुणाचं कौतुक करायची सवय नाही. आयुष्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य मी कुणाच्या तरी विरोधात लिहिलं आहे. हे पहिलंच बाजूनं लिहिते आहे, आणि हात थोडा अवघडल्यासारखा झाला आहे.

काकांची माणसं मोजायची रीत निराळी. आपण म्हणतो अमका उंच आहे, तमका सावळा आहे. काका म्हणतात, "तो तीन रेघांत येते." कमी रेघांत येणारा माणूस त्यांना आवडतो, जास्त लागणाऱ्याचा त्यांना कंटाळा. एका लग्नात नवरदेवाकडे ते पंगतभर टक लावून पाहत होते आणि शेवटी मुलीच्या बापाला म्हणाले, "जावई चांगला हाय, पण लय बारीक काम हाय." बाप बिचारा मठ्ठा तसाच ठेवून उठला. लग्नपत्रिका घरी आली की काका आधी तिची मागची बाजू पाहतात. मागची बाजू कोरी असेल तर लग्नाला जातात, तिथेही छापलेलं असेल तर काकूंना पाठवतात. त्यांची निम्मी चित्रं या पत्रिकांच्या पाठीवर आहेत. मी पहिल्या मोर्च्यात पुढे उभी राहून घोषणा देत होते, तेव्हा काका पानठेल्यावर उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका पत्रिकेच्या मागे माझं चित्र दिलं. त्यात फक्त दोन भुवया होत्या. तोंड नाही, डोळे नाहीत, काही नाही.

"काका, माझ्या मागण्या कुठे आहेत?" मी विचारलं. तेव्हा मला खरंच राग आला होता.

"भुवयात हायेत ना सगळ्या," काका म्हणाले.

काकू आतून आल्या, कागद हातात घेतला आणि न विचारता म्हणाल्या, "हे तर समोरची पोरगी."

पण या दोन भुवयांवर यायला काकांना सारा जन्म लागला, आणि त्याचीच हकीकत मला सांगायची आहे. सुरुवातीला ते असे मुळीच नव्हते. तेव्हा छपाई खिळ्यांची होती, चित्राचा ब्लॉक नागपूरहून बनून यायचा. त्या ब्लॉकमध्ये बारीक रेघा टिकत नसत, शाई भरून जायची. काकांनी हौसेनं एका पुढाऱ्याचे दात एक एक करून काढले, ते छापून आले तर तोंडात अख्खा डांबराचा गोळा. पुढारी म्हणाला, माझ्या तोंडाला काळं फासलं. काका घाबरले आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी कुणाचं तोंडच उघडलं नाही. ते जुने अंक चाळले तर वाटतं, त्या काळात जिल्ह्यात कुणी भाषण करतच नव्हतं, सगळे ओठ मिटून जनतेची सेवा करत होते. मग ऑफसेट छपाई आली, केसाएवढी रेघही उमटायला लागली, आणि काकांनी सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. दात आले, दातांमधल्या फटी आल्या, मिशीचा केस न् केस आला, धोतराच्या चुण्या आल्या. सावलीसाठी आडव्या रेघा, त्यांवर उभ्या, त्यांवर तिरप्या. एका चित्रात एक मंत्री दुष्काळी गावाची पाहणी करतो आहे. त्यात काकांनी इतकी सावली भरली, की ते गाव कोरडं न वाटता घनदाट जंगल वाटतं.

नावं टाकायचाही त्यांना भारी सोस होता. गाय काढली तर तिच्या पोटावर 'जनता', काठीवर 'महागाई', छत्रीवर 'सरकार', पावसावर 'आश्वासनं', आणि कोपऱ्यात सही करताना आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, त्याखाली 'चित्रकार, बाभुळगाव'. काकूंचं तेव्हा नवीन लग्न झालं होतं. त्या घरी शिवणकाम करायच्या, आजही करतात. त्यांनी एकदा मशीन थांबवून ते चित्र नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "गायीवर नाव, काठीवर नाव, छत्रीवर नाव. आहेरातले भांडे हायेत काय हे?"

आमच्याकडे लग्नात आहेर म्हणून जी स्टीलची भांडी देतात, त्यांवर देणाऱ्याचं नाव कोरून घेतात. गंज, म्हणजे उभं पातेलं, कुणी दिला आणि परात कुणी दिली हे सात जन्म विसरता येऊ नये म्हणून. काका सांगतात, त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन ती सगळी नाव टाकलेली भांडी पाहिली आणि त्यांना आपलंच चित्र पाहिल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यांनी एक एक नाव पुसायला सुरुवात केली. आधी छत्रीचं, मग काठीचं. गायीचं नाव पुसायला फार वर्षं लागली. "जनतेचं नाव काढाले भेव लागे," ते म्हणतात, "लोकाईले वाटलं असतं, आपण यात नाहीच."

बैलाचा किस्सा तर कापसाच्या मार्केटात अजून सांगतात. काकांनी एका पुढाऱ्याला बैलगाडीत बसवून गाडी खड्ड्यात घातली होती. टीका जहरी होती. मी असते तर मोर्च्यात वापरली असती. पण मार्केटात गाड्या लावून बसलेल्या लोकांनी पुढाऱ्याकडे पाहिलंच नाही. दिवसभर वाद चालला तो बैलावर. कुणी म्हणे याचं वशिंड मागं सरकलं, कुणी म्हणे असे शिंग गावरानीचे नसतात, कुणी म्हणे हा बैल पुढं नाही, मागं चालून राह्यला. त्या पुढाऱ्यानं स्वतः येऊन काकांना सांगितलं, "तुमच्या बैलानं मला वाचवलं." काका संतापले, आणि पोळ्यापर्यंत त्यांनी दुसरं काही काढलं नाही. सकाळी उठून बैल, दुपारी बैल. पोळ्याच्या दिवशी सजलेल्या बैलांच्या रांगेसमोर ते कागद घेऊन उभे राहिले, आणि लोकांनी आपापला बैल त्यांच्यासमोर असा आणून उभा केला, जसे फोटोसाठी नातू उभे करतात. त्यानंतर काकांचा बैल एकाच रेघेत यायला लागला. शेपटीपासून सुरू होऊन शिंगापर्यंत, मध्ये पेन उचलायचं नाही. एवढ्या चित्रांतून त्यांना कळलेली गोष्ट एवढीच होती, की ज्याची ओळख पटली त्याला रेघा कमी लागतात.

हेच त्यांनी मग पुढाऱ्यांनाही लावलं. सुरुवातीला सांगितलेले ते नाकवाले पुढारी पूर्वी चष्मा, टोपी, जाकीट, नाक आणि पोट अशा सगळ्या सामानानिशी यायचे. एका निवडणुकीत चष्मा गेला, दुसरीत जाकीट, आणि शेवटी उरलं नुसतं नाक. ते तक्रार घेऊन घरी आले. "आधी माझं सगळं काढत होते तुम्ही. आता नाकावर भागवता. माझी किंमत कमी झाली काय?"

"वाढली साहेब," काका म्हणाले. "आता तुमचं बाकीचं लोक घरूनच आणतेत."

साहेब इतके खूश झाले, की ते चित्र मागून नेऊन त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलं. त्या चित्रात त्या नाकानं पाण्याची योजना कशी गिळली ते दाखवलं होतं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही. उलट त्यांचा विरोधक काकांकडे येऊन विचारू लागला, "मले अजून टोपी काहून लागते?" मला हे सगळं फार चीड आणणारं वाटतं. ज्याला जाब विचारायचा त्यानंच आपली फ्रेम करून भिंतीवर लावावी, हा काय न्याय झाला? मी काकांना तसं बोलले. ते म्हणाले, "लावू दे. घरी येनारा जो तो विचारते ना, हे गिळून काय राह्यले तुम्ही."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काकांना पहिल्यांदा कळलं की आपला कागद पांढरा आहे. पट्टी निघाल्यावर त्यांनी जुने अंक मागवले आणि आजारी माणसानं आपला एक्सरे पाहावा तसे पाहत बसले. "इतकं काळं कायले केलं मी?" असं काकूंना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्यानंतर चित्रातल्या सावल्या गेल्या. मोबाइल आला, चौकोन अंगठ्याएवढा झाला, तेव्हा मागची घरं, झाडं आणि गर्दी गेली. सहीसुद्धा झिजत आली. आधी वडिलांचं नाव गेलं, मग गाव, मग आडनाव, आणि शेवटी राहिला एक ठिपका, सरकीएवढा. कापसातून बाकी सगळं निघून गेल्यावर उरते तेवढी सरकी. वाचक तो ठिपका पाहून ओळखतात.

माझी पत्रकं मात्र दोन्ही बाजूंनी भरलेली असतात. समासातही मी मागण्या लिहिते. पत्रक लिहिणाऱ्याला कोरी जागा दिसली की कुणीतरी आपला हक्क मारल्यासारखं वाटतं. काकांनी एकदा माझं पत्रक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पोरी, वाचनाऱ्याले पाय ठेवाले तरी जागा ठेव." मी म्हटलं, लोकांवर अन्याय किती होतो आहे ते तुम्हाला माहीत नाही. ते म्हणाले, "माहीत हाय ना. तेही दाटीवाटीनंच राहून राह्यले, त्याईले कागदावर तरी मोकळं बसू दे." मी ऐकलं नाही. आमचं हे भांडण बरीच वर्षं चाललं, आणि त्यात जिंकणं-हरणं नव्हतं, चहा होता.

तो चहाच पहिल्यांदा बोलला. एका सकाळी कपबशी काकांच्या हातात किणकिणायला लागली, आणि ती थांबेना. डॉक्टरांनी सांगितलं, हाताचा कंप आहे, वाढेल पण हळूहळू. काकांनी त्याच आठवड्याला साप्ताहिकाला चित्र पाठवलं नाही. पुढच्याही नाही. त्यांच्या चौकोनात एका शिकवणी वर्गाची जाहिरात आली. मी संपादकांना फोन करून चांगलं खडसावलं, तर ते म्हणाले, ताई, आम्ही जागा रिकामी कशी ठेवणार. हा माणूस आयुष्यभर त्या पानावर जागा रिकामी करत आला होता आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. काका ओसरीवर नुसते बसून राहायचे. "रेघ गेली," एवढंच म्हणायचे. आवाज गेला असता तरी त्यांनी इतकं वाईट वाटून घेतलं नसतं. काकू एक दिवस आमच्या घरी आल्या आणि दारातूनच मला म्हणाल्या, "तुले चित्र पाहिजे असंल तर मांग त्याईले. कायच्याही कामाचं मांग. पण बसव कागदावर."

काम माझ्याकडे होतंच. यवतमाळहून संध्याकाळी बाभुळगावमार्गे पुढच्या खेड्यांत जाणारी शेवटची लाल एसटी गाडी बंद झाली होती. कॉलेजच्या मुलींना शेवटचा तास सोडून आधीची गाडी धरावी लागायची, आणि काही घरांत तर 'राहू दे आता ते शिक्षण' असं बोलणं सुरू झालं होतं. आमचं पत्रक तयार होतं, अर्थात दोन्ही बाजूंनी. मी काकांना म्हटलं, मोर्च्यासाठी एक मोठं पोस्टर हवं, गाडी आणि थांब्यावर उभी असलेली मुलगी.

काकांनी हात पुढे करून दाखवला. "हे पाहून राह्यली ना? यानं गाडी काढू?"

"काढा," मी म्हटलं. "आपल्या रस्त्यावर कोणती गाडी सरळ चालते?"

हे मी रागात बोलले होते, रस्त्यावरच्या रागात. पण काका ते ऐकून उठलेच. मग त्यांनी पत्रिका शोधली, पाठ कोरी असलेली, आणि गाडी काढली. खिडक्या थरथरत होत्या, टप थरथरत होता, ड्रायव्हर थरथरत होता, मागून निघणारा धूरही थरथरत होता. मी इतकी हसले की काकू मशीन सोडून धावत आल्या. आमच्या रस्त्यावरून गेलेल्या कुणालाही ती गाडी पाहून कंबर धरावीशी वाटली असती. काकाही हसले, फार दिवसांनी. म्हणाले, "चांगल्या हातानं काढली असती तर खोटी वाटली असती."

मग मुलगी काढायला घेतली, आणि हसणं थांबलं. मुलगी थरथरून चालणार नव्हतं. काका म्हणाले, "गाडी हालू दे, रस्ता हालू दे. हे पोरगी हालाची नाही. हे घाबरली दिसली तर घरचे म्हणतीन, बरं झालं गाडी बंद झाली." त्यांनी कोपर टेबलावर रोवून पाहिलं, मनगट डाव्या हातानं धरून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं. दुपारभर मुली काढल्या आणि दुपारभर चुरगाळल्या. प्रत्येक मुलगी थंडी वाजल्यासारखी उभी. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. 

काकूंनी एक जाड पत्रिका उचलली आणि ब्लाउज बेततात त्या कात्रीनं कापायला लागल्या. डोकं, वेणी, पाठीवरची बॅग.

"खांदे जरा पडू दे," काका भिंतीकडे पाहतच म्हणाले. "बॅग जड हाय तिची."

"मले नका शिकवू. पोरींचे खांदे मापण्यात माही जिंदगी गेली."

कापलेली मुलगी त्यांनी कोऱ्या कागदावर ठेवली आणि काकांच्या हातात पेन दिलं. तिच्या भोवतीनं आणि तिच्या अंगावरूनही काकांनी संध्याकाळ भरली, आडव्या, थरथरत्या रेघांनी. एवढ्या रेघा त्यांनी ऑफसेटच्या दिवसांनंतर काढल्या नव्हत्या. मग काकूंनी पत्रिका उचलली. त्या सगळ्या हलणाऱ्या अंधारात एक मुलगी पांढरी, कोरी, अगदी स्थिर उभी होती. तिला एकही रेघ नव्हती.

काकांनी कागद उजेडाकडे धरला. म्हणाले, "हे माहं नाही. यात माही रेघ कुठं हाय?"

"जलमभर रेघा कमी करत आले," काकू कात्री ठेवत म्हणाल्या. "आता शेवटची कमी झाली तं रडून राह्यले."

काकांनी पेन घेतलं आणि खाली कोपऱ्यात ठिपका दिला.

गाडी आणि मुलगी एकत्र जोडून आम्ही मोठी छापून घेतली, आणि मोर्च्यात ते पोस्टर मुलींनी धरलं होतं. एसटीचे साहेब कचेरीतून बाहेर आले, आधी गाडी पाहून हसले, त्यांच्यामागचे लोकही हसले. मग त्यांची नजर मुलीवर गेली. त्यांनी विचारलं, "ही रंगवायची राहिली का?" पोस्टर धरणारी मुलगी पुढच्या खेड्यातली होती, कधी न बोलणारी. ती म्हणाली, "राह्यली नाही साहेब. ते अजून घरी पोचली नाही." माझं दोन्ही बाजूंचं पत्रक त्या दिवशी कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. गाडी पुढच्या महिन्यात सुरू झाली. तीच गाडी, तशीच थरथरणारी. पहिल्या दिवशी ती काकांच्या घरासमोरून गेली तेव्हा ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि काका ओसरीतून तिच्याकडे असे पाहत होते, की जणू ती त्यांच्याकडे बसून शिकून गेली आहे.

चौकोन परत आला. काका आता फक्त हलणाऱ्या वस्तू काढतात, आणि म्हणतात की आपल्या जिल्ह्यात त्यांची टंचाई नाही, खुर्च्याच केवढ्या आहेत. अमरावतीचा एक होतकरू चित्रकार मुद्दाम हात हलवून तशी रेघ काढतो, असं कुणीतरी सांगितलं. काका म्हणाले, "त्याले म्हना, घाई नको करू. येते आपोआप." जे हलत नाही त्याची जागा ते कोरी सोडतात. आधी एखादं माणूस कोरं असायचं, मग झाडं कोरी राहायला लागली, मग आभाळ. दर आठवड्याला पांढरं थोडं वाढतं. मी शनिवारी साप्ताहिकासाठी चित्र न्यायला जाते, तेव्हा कधीकधी ते नुसतेच कागदासमोर बसलेले असतात, हात मांडीवर ठेवून. मी विचारते, झालं का काका. ते म्हणतात, "थांब जरा. अजून काय सोडता येते ते पाहून राह्यलो." काकूंची मशीन आत चालू असते.

मला हिशेब करायची सवय आहे, आणि हा हिशेब कुठे चालला आहे तो मला दिसतो. एखाद्या शनिवारी माझ्या हातात अख्खा कोरा कागद येईल. संपादक फोन करून विचारतील, ताई, यावर काही लिहू का? मी त्यांना लिहू देणार नाही. मी फक्त खाली उजवा कोपरा पाहीन. ठिपका असला म्हणजे झालं. ठिपका तेवढा अजून हालत नाही.